थंडीशी तह

सोलापुरात थंडी पडते असे आम्ही सोलापूरकर म्हणतो, तेव्हा बाहेरगावचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. त्यांचेही खरेच असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर उतरला की आमच्याकडे कानटोप्या निघतात, चहाच्या गाड्यांभोवती माणसांची कोंडाळी जमतात आणि जो तो दुसऱ्याला विचारतो, “यंदा थंडी जरा जास्तच आहे, नाही?” दहा वाजले की ऊन चटचटू लागते, कानटोपी खिशात जाते आणि थंडीचा विषय दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत तहकूब होतो. एरवी आम्ही उन्हाचे प्रजाजन. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो, रस्त्यावरचे डांबर चपलेला सोडायला तयार नसते, आणि दुपारी बारा ते चार कुणाच्या घरी जाणे म्हणजे त्याच्याशी वैर धरणे होय.

गंमत अशी की, थंडीशी ज्या गावाची अशी वरवरचीच ओळख, तेच गाव साऱ्या महाराष्ट्राच्या अंगावर पांघरूण घालते. सोलापुरी चादर ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. लग्नाच्या आहेरात ती असते, परगावी शिकायला निघालेल्या मुलाच्या वळकटीत असते, आजारी माणसाच्या उशाशी असते. आमच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांतून चालू लागले की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट कानांवर येतो. आत डोकावून पाहावे तर ऐन वैशाखात घामाने निथळणारी माणसे कोठल्या तरी अनोळखी माणसाच्या पुढच्या हिवाळ्याची तरतूद करीत असतात.

अशाच एका मागवाल्याच्या घरचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. तेलुगू बोलणारे पद्मशाली घर. मुलगा घरात आईला अम्मा म्हणे, शाळेत आमच्यासारखेच अस्सल सोलापुरी मराठी बोले. बाप दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर उभा. मधल्या सुट्टीत बापाचा डबा पोचवून घंटा व्हायच्या आत परत यायचे, हे पोराचे रोजचे काम. डबा हातात, त्यात आमटी. ती सांडू न देता पळायचे. पुढे तो जे काही पळाला त्याचा पहिला धडा त्या आमटीने दिला, असे मी गमतीने म्हणतो. आमच्या क्रीडाशिक्षकांनी त्याचे पाय हेरले, पार्क मैदानावर त्याला पहाटे पळायला लावले, आणि कॉलेजात जाईपर्यंत पाच हजार मीटरच्या शर्यतीत त्याच्या पुढे जाणारा मुलगा जिल्ह्यात शोधावा लागे.

शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची तर पंजाबात पतियाळ्याला जायचे, असे त्याच्या मनाने घेतले. पतियाळा हे नाव खेळाडूंच्या जगात काशीसारखे आहे. महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, तेव्हापासून देशभरच्या खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची तिकडे रीघ लागलेली आहे. त्या गावातल्या एका महाविद्यालयात पोराला प्रवेश मिळाला. अर्ज भरून द्यायला मी होतो. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी मी स्वतः कधी चढलो नाही, पण इतरांचे अर्ज भरण्यात माझा हातखंडा आहे. पैसे मात्र अर्जाने उभे राहत नाहीत. आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, बापाने मालकाकडून उचल घेतली, आणि जुलै महिन्यात एका दुपारी कर्नाटक एक्स्प्रेसने पोरगा दिल्लीकडे निघाला. वळकटीत दोन चादरी होत्या, हे सांगायला नकोच.

पहिले चार महिने सुखाचे गेले. पंजाबातला जुलै-ऑगस्ट आपल्याला भारी नाही. “सर, उकडतंय, पण आपल्यासारखंच,” असे तो फोनवर सांगे. तिकडची मुले धापा टाकीत असता हा आपला गडी मैदानाला आणखी दोन फेऱ्या घाली. दिवाळीला तो घरी आला नाही. भाड्याचे पैसे वाचवले. आणि मग डिसेंबर लागला.

डिसेंबरच्या मध्याला एके रात्री त्याचा फोन आला. आवाज बसलेला. तो म्हणाला, “सर, इथं सकाळी धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. बुटाची नाडी बांधायला बोटं ऐकत नाहीत. पळायला लागलं की छाती जळते, आणि पाय तर कुणाचे उसने आणल्यासारखे वाटतात. ज्यांना मी ऑगस्टमध्ये मागं टाकलं ते सगळे आता माझ्या पुढं पळतात, वर हसतात.” जरा थांबून त्याने विचारले, “परत येऊ का?”

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझ्या कादंबऱ्यांतले नायक कुडकुडतात ते बहुधा विरहाने, आणि त्यावरचा उपाय शेवटच्या प्रकरणात नायिकेच्या रूपाने चालत येतो. खऱ्या थंडीवरचा इलाज माझ्या कुठल्याच प्रकरणात नव्हता. मी त्याला एवढेच म्हणालो, “आठ दिवस थांब. आठ दिवसांनी आपण दोघे मिळून ठरवू.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटण्याच्या वेळी त्याची आई फाटकाशी उभी. ती म्हणाली, “सर, तुम्हीच पाठवलात त्याला, आता तुम्हीच बोलवा. शिकला नाही तरी चालंल. मागावर उभा राहील बापाजवळ. जिवंत तर राहील!” तिच्या मोकळ्या मनगटांकडे माझे लक्ष गेले. पोरगा परत आला असता तर त्या पाटल्यांसकट वर्ष बुडणार होते, आणि तो मागावर उभा राहिला असता तर पुन्हा तेथून हलला नसता. पण आईच्या जिवाला हा हिशेब कोणी सांगावा!

त्या आठ दिवसांत मी आमच्या क्रीडाशिक्षकांची पाठ सोडली नाही. एका डॉक्टर मित्राचाही पुष्कळ वेळ खाल्ला. त्यांच्याकडून जे कळले ते मला मोठे नवलाचे वाटले.

उन्हाची सवय शरीर स्वतः करून घेते. माणूस उन्हात रोज थोडा थोडा पळू लागला की दहा ते चौदा दिवसांत त्याच्या देहात नवा कारभार बसतो. घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, आणि त्याच कष्टाला हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात. थंडीचे तसे नाही. थंडी वाजू लागली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीर आपली ऊब पोटाशी धरून बसते. म्हणून बोटे बधिर होतात. त्यानेही भागले नाही तर हुडहुडी भरते. गार पडलेला स्नायू आळशी होतो, त्याचे आकुंचन मंदावते. पोराला आपले पाय उसने वाटत होते ते यामुळे. थंड हवेत पाण्याची वाफ थोडीच मावते. ती हवा तोंडाने भराभर ओढली की श्वासनलिकांतला ओलावा आटतो. छाती जळते ती त्यामुळे. आणि या सगळ्याला शरीर कितपत सरावते? फारच थोडे. हुडहुडी जरा कमी होते, त्रास कमी जाणवतो, इतकेच. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, माणूस मुळात गरम मुलखातला प्राणी आहे. बर्फात तो राहिला तो कातडी बदलून नव्हे. कपडे, शेकोटी आणि शेजारी यांच्या जिवावर.”

शेजारी हा शब्द मी मनात टिपून ठेवला.

पण नवलाची दुसरी बाजू पुढेच होती. धावणाऱ्याच्या देहात जी शक्ती खर्च होते, तिचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे तो आपली शेगडी बरोबर घेऊनच धावत असतो. सोलापुरात ही शेगडी त्याची वैरीण. सगळा जोर ती विझवण्यात जातो. थंडीत तीच त्याची सखी होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींना म्हणूनच गारवा मानवतो. मॅरेथॉनमधल्या उत्तम वेळा बहुधा दहा अंशांच्या आसपासच्या हवेत धावल्या जातात. घोटाळा होतो तो पहिल्या पंधरा मिनिटांत, शेगडी पेटण्यापूर्वी, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत, ती विझल्यानंतर.

हे सारे मी कागदावर उतरवून घेतले आणि आठव्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसलो. बहिणीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लागला. पोरगा पडद्यावर आला तो दोन बनियन, शर्ट, स्वेटर आणि त्यावर सोलापुरी चादर अशा वेषात. सकाळी पळायलाही तो असेच थरावर थर घालून जात होता. फक्त चादर खोलीवर ठेवी. सगळे थर सुती. पळताना त्यांत घाम मुरे, थांबला की ओले कपडे बर्फासारखे अंगाला चिकटत, आणि तो तसाच धुक्यातून वसतिगृहापर्यंत चालत जाई.

मी माझा कागद काढला. सांगू लागलो की, अंगालगत घाम धरून न ठेवणाऱ्या धाग्याचा कपडा हवा, त्यावर लोकरीचा, त्यावर वारा अडवणारा. मी अजून दुसऱ्या मुद्द्यावर होतो, तोच कोपऱ्यात पाठ टेकून बसलेला त्याचा बाप पुढे सरकला. हा माणूस चार वाक्ये सलग बोललेला मी कधी ऐकला नव्हता. आयुष्य मागाच्या आवाजात गेलेली माणसे कमी बोलतात. त्याने मोबाइल आपल्याकडे वळवला आणि पोराला म्हणाला, “अरे, सूत पाणी पितं. ओलं सूत जड होतं, गार होतं. तीस वर्सं हातात घेतोय मी, मला विचारायचं न्हाईस? पळताना सूत नको. थांबलास की वलं काढ, अंग पूस, आणि मग चादर घे. कोरडी चादर. ती त्याच्यासाठीच हाय.”

माझ्या चार पानांच्या कागदाचा अर्थ त्याने एवढ्यात सांगून टाकला. मी कागद घडी करून खिशात घातला.

तेथल्या प्रशिक्षकांनीही पोराला हेच सांगितले होते. पण पंजाबी हिंदीत सांगितलेले आणि बापाच्या तोंडून आलेले यांत फरक असतोच. बापाने मालकाकडे आणखी थोडी उचल मागितली, आणि धावण्याचे कपडे, हातमोजे, कानटोपी यांची सोय झाली. निघताना जराशी थंडी वाजलीच पाहिजे, उंबऱ्यातच ऊब वाटली तर कपडे जास्त झाले समजावे, हे त्याने प्रशिक्षकांकडून उचलले. पळण्याआधी तो खोलीतच पंधरा-वीस मिनिटे अंग मोकळे करी. नाकातोंडावर पातळ फडके बांधी, म्हणजे आत जाणारी हवा थोडी ऊब घेऊन जाई. तहान लागली नाही तरी पाणी पिई. थंडीत तहान दगा देते. आणि मैदानाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडी चादर घडी करून ठेवी.

इतके झाले तरी त्याचे मन पुरते रमले नव्हते. थंडीपेक्षाही त्याला बोचत होते ते मागे पडणे. तेव्हा मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही खऱ्या.

पहिली अविनाश साबळे याची. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. तो मुलूख पावसाच्या बाबतीत आमचाच भाऊबंद. आईबाप मजुरी करणारे. शाळा सुमारे सहा किलोमीटरवर, आणि हा पोरगा ती वाट लहानपणापासून तुडवी. बारावीनंतर तो सैन्यात पाचव्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, आणि बदली कोठे झाली? २०१३-१४ मध्ये सियाचीनच्या हिमनदीवर! तेथून राजस्थानच्या वाळवंटात, तेथून सिक्कीमला. धावपटू म्हणून त्याची खरी सुरुवात झाली ती यानंतर, २०१५ मध्ये. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेसची. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. म्हणजे भिजल्या बुटांनीच धावायचे. या शर्यतीत राष्ट्रकुल स्पर्धांतली तिन्ही पदके १९९८ पासून २०१८ पर्यंत दर वेळी केनियानेच नेली होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळे दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटमध्ये आणि त्याच्यात अंतर होते सेकंदाच्या शंभरांतल्या पाच भागांचे. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो धावला. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. मी म्हणालो, “आष्टीचा माणूस सियाचीनला राहिला. तुला पतियाळा जड जातोय?” पोरगा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

दुसरी गोष्ट फिलिप बोइट याची. हा केनियाचा धावपटू. ज्या देशात बर्फ पाहायचे तर डोंगराच्या शिखरावर जावे लागते, तेथून एका बूट-कंपनीच्या खर्चाने तो फिनलंडला गेला आणि पायांना फळ्या बांधून बर्फावर धावायला शिकला. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरला आणि सर्वांत शेवटी आला. पहिला आलेला नॉर्वेचा ब्योर्न डेली तोवर वीस मिनिटे थांबून राहिला होता. पदके द्यायची खोळंबली होती. तरी त्याने या शेवटच्या गड्याची वाट पाहिली आणि रेषेवर त्याला मिठी मारली. पुढे बोइटने आपल्या मुलाचे नाव डेली ठेवले. ही गोष्ट सांगितल्यावर पलीकडे काही वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “सर, माझ्या खोलीतला पंजाबचा मुलगा पण माझ्यासाठी थांबतो हो. शेवटच्या फेरीला बरोबर पळतो. मी सांगितलं नव्हतं तुम्हाला.”

डॉक्टरांचा शेजारी तो हाच, हे मी ओळखले.

संक्रांत आली. इकडे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघाले, गड्ड्याच्या जत्रेत पाळणे फिरू लागले, आणि त्याच्या आईने पतियाळ्याला पार्सल धाडले. त्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, तीळगूळ आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. पोस्टातल्या माणसाने विचारले, “काय आहे यात?” ती म्हणाली, “ऊब हाय.” तीळ, गूळ, शेंगदाणा, बाजरी हे सगळे नेमके पौषातच खायचे, हे आपल्या आजीपणज्यांनी डॉक्टरांना न विचारता ठरवून ठेवले आहे. थंडीत धावणाऱ्याची भूक वाढते, आणि तिला हेच लागते. पोराने ते पार्सल एकट्याने खाल्ले नाही. शेंगाचटणीने त्या वसतिगृहात सोलापूरचे नाव जितके केले तितके आमच्या नगरपित्यांनाही कधी जमले नसेल.

जानेवारीच्या अखेरीस त्यांच्या महाविद्यालयात क्रॉस-कंट्रीची शर्यत झाली. शेताशेतांतून, दवाने भिजलेल्या बांधांवरून धावायचे. आमचा गडी चौथा आला. पदक नाही, पेपरात नाव नाही. पण जुलैपासून त्याने धावलेल्या वेळांत ही वेळ सर्वांत चांगली होती. शेवटच्या दोन किलोमीटरांत आपल्याला थंडी आठवलीसुद्धा नाही, असे तो म्हणाला. त्याच्या आईला मी ही बातमी सांगायला गेलो तेव्हा तिने चौथा नंबर कशाला म्हणतात हे विचारले नाही. “खोकला गेला का?” एवढेच विचारले. गेला होता.

पुढे मी या सगळ्यावर विचार करीत राहिलो. आम्ही उन्हाच्या मुलखातली माणसे ऊन सोसतो याचा आम्हाला अभिमान वाटतो. परंतु त्यात आमचे कर्तृत्व थोडे आणि घामाचे जास्त. थंडी मात्र कोणाच्या अंगवळणी आपोआप पडत नाही. तिच्याशी रोज पहाटे नवा तह करावा लागतो. कपड्यांचा, पाण्याचा, वेळेचा हिशेब ठेवावा लागतो. आणि शेवटची फेरी बरोबर पळणारा कोणी तरी असावा लागतो. आपला गाव सोडून दूर राहणाऱ्या कोणत्याही मुलाला हेच लागते, मग तेथला पारा कितीही असो.

या दिवाळीलाही तो घरी येणार नाही. हिवाळ्याच्या सरावाला लवकर सुरुवात करायची म्हणतो. पाटल्या अजून सावकाराकडेच आहेत. पण त्याची आई आता “परत बोलवा” म्हणत नाही. परवा त्याचा फोन आला होता. शुभेच्छा झाल्या, फराळाची चौकशी झाली, आणि मग तो म्हणाला, “सर, नानांना सांगा, एक चादर जास्त पाठवायला. खोलीत केरळचा एक मुलगा नवीन आलाय. ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या पुढं पळत होता. त्याला अजून काही माहीत नाही.”